अप्पांच्या रक्तातला आकडा

केजच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सोयाबीनची हवा मोजायची यंत्रं येऊन बरीच वर्षं झाली, पण गुरुपादअप्पांनी स्वतःचे दात काही सोडले नाहीत. हवा म्हणजे दाण्यातला ओलावा. शेतकऱ्यानं त्यांच्या आडतीच्या दुकानावर पोतं टेकवलं की अप्पा मूठभर दाणे घ्यायचे, त्यातला एक दाढेखाली धरायचे, कट्कन फोडायचे आणि डोळे मिटून सांगायचे, "तेरा." मग तेच दाणे यंत्रात जायचे आणि यंत्र दाखवायचं, तेरा पूर्णांक एक. त्या पूर्णांक एककडे अप्पा असे बघायचे, की बिघाड यंत्रातच असणार याबद्दल कुणाला शंका राहू नये.

बासष्ट वर्षांचा, पाच फूट दोन इंचांचा हा माणूस. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात कापडात बांधलेलं इष्टलिंग, अंगात कायम एकाच मापाचा पांढरा सदरा. तो सदरा लग्नात बरोबर होता, मधल्या काळात तंग झाला आणि आता पुन्हा ढगळ होऊ लागला होता. हे सगळं त्यांच्या बायकोनं, गंगासागरनं, तेहतीस वर्षं जवळून पाहिलेलं. तिला विचारलं तर ती सांगेल, की या माणसाला व्यापार करता येत नाही. ऑक्टोबरातल्या पावसात भिजलेला माल घेऊन कुणी आला, तर बाकीचे आडते भाव पाडून मोकळे व्हायचे. अप्पा मात्र म्हणायचे, "आज इकू नको. माझ्या ओट्यावर पसर. दोन दिवस ऊन दे." आणि मग तो शेतकरी दोन दिवस ओट्यावर दाणे हलवत बसायचा आणि त्याच्यासाठी पिठलं-भाकरी थापायची कुणी? गंगासागरनं. ती कुरकुरायची आणि भाकरी मात्र एक जास्तच टाकायची.

शेतकरीही काही अगदी साधेभोळे नसत. पाटीभर सोयाबीन पत्र्यावर तीन दिवस खडखडीत वाळवायचं आणि पोत्याच्या तोंडाशी तेवढंच पसरायचं, हा खेळ मोंढ्याइतकाच जुना. अप्पा वरच्या दाण्यांकडे ढुंकूनही बघत नसत. सदऱ्याची बाही सारून कोपरापर्यंत हात पोत्यात घालायचे, तळातली मूठ बाहेर काढायचे आणि हसून म्हणायचे, "वरचं मला कावून दाखवायलास बे? मला काय वरचंच घ्यायचंय का?" समोरचा ओशाळायचा आणि तोही हसायचा. या कामात अप्पांनी कधी कुणाचा अपमान केला नाही. म्हणून तर केजपासून युसूफ वडगावापर्यंतचे लोक दुसरी चार दुकानं ओलांडून त्यांच्याच ओट्यावर यायचे.

जानेवारीतल्या एका सकाळी अप्पा पोत्यातून हात बाहेर काढता काढता तसेच खाली बसले. गंगासागरला वाटलं, पित्त झालं. हमालांना वाटलं, चक्कर आली. पण लेक शिवानी, बी.एस्सी. ॲग्री होऊन पुढच्या परीक्षेच्या अभ्यासासाठी घरी आलेली, वरच्या मजल्यावरच्या घरातून धावत खाली आली, बापाच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि कुणालाही न विचारता समोर उभी असलेली जीप अडवून त्यांना थेट अंबाजोगाईला घेऊन गेली. ती म्हणून अप्पा वाचले. लग्नानंतर दहा वर्षांनी झालेली ही एकुलती एक पोरगी. त्या दिवशी तिनं बापाचं सगळं देणं एका जीपमध्ये फेडलं, असं गंगासागर नंतर बायकांना सांगायची आणि सांगताना दरवेळी रडायची.

अप्पा वाचले, पण हृदय मात्र थकलं. केजच्या मोहिनी डॉक्टरांकडे पुढचे उपचार सुरू झाले, तेव्हा त्यांनी तिघांना समोर बसवून नीट समजावलं. झटक्यानं हृदयाचा एक भाग कामातून गेला होता. राहिलेला भाग नेटानं रक्त ढकलत होता, पण पुरा पडत नव्हता. मग अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, दम लागतो. "आणि हृदयावर असा ताण आला," डॉक्टर म्हणाल्या, "की ते रक्तात एक द्रव्य सोडतं. ते मोजता येतं. ताण जास्त, तर आकडा जास्त. दर तीन महिन्यांनी आपण तो बघायचा. आज किती दम लागतो हे तर तुम्ही सांगालच, पण पुढं काय होणार आहे याचा थोडा अंदाज हा आकडा देतो."

अप्पांचा चेहरा उजळला. महिनाभरात प्रथमच त्यांना कुणीतरी कळेल असं बोललं होतं.

"म्हंजे हवा मोजायची," ते म्हणाले.

"तसंच म्हणा," डॉक्टर हसल्या. "तुमची चार हजार तीनशे लागलीय. हजाराच्या आत आणायची."

तेव्हापासून घरात त्या आकड्याचं राज्य सुरू झालं. शिवानीनं सात खणांची डबी आणली. कुठली गोळी कधी, पाणी किती, मीठ किती, सगळं तिच्या हातात. दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी नाही. रोज सकाळी वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर पाणी साठलं समजायचं आणि दवाखाना गाठायचा. घरात माणसांचा वजनकाटा नव्हता. आडतीवर पोत्यांचा होता. म्हणून लिंगपूजा आटोपली की अप्पा चपला काढून त्या काट्यावर उभे राहायचे, आणि तीस वर्षं पोत्यांचं वजन ओरडण्यात गेलेला हमालांचा मुकादम बिभीषण सवयीनं पूर्ण मोंढ्याला ऐकू जाईल असं ओरडायचा, "अप्पा, एकसष्ट किलो चारशे!" समोरच्या दुकानातून रोज कुणीतरी म्हणायचं, "पोत्याचा बारदाना वजा करा!" अप्पा खुशीत खाली उतरायचे. आजारपणाची अशी जाहिरात दुसऱ्या कुणाला सोसली नसती.

मे महिन्यात आकडा दोन हजार सहाशेवर आला. ऑगस्टात एकोणीसशे दहा. गंगासागरला वाटायचं, उतरतोय तर उतरू दे सावकाश, कुठं गाडी पकडायचीय. पण ऑक्टोबरात खरोखरच गाडी पकडायची वेळ आली. शिवानीचा निकाल लागला. बियाणांच्या शास्त्रात एम.एस्सी.ला तिला जागा मिळाली, पण मिळाली ती कोईमतूरला. नकाशात बोट ठेवून तिनं आईला दाखवलं. गंगासागरचं बोट केजवर होतं, शिवानीचं पार खाली तामिळनाडूत, आणि मध्ये अख्खं कर्नाटक.

"मी जाणार नाही," शिवानी म्हणाली.

अप्पांनी जेवण सोडलं. मग ओरडले. मग लाडीगोडी केली. शेवटी बाप-लेकीत सौदा झाला, मोंढ्यातल्यासारखाच. नोव्हेंबरच्या तपासणीत आकडा हजाराच्या आत आला तर शिवानी जाणार. नाही आला तर जागा सोडणार. "ठरलं," अप्पा म्हणाले आणि लेकीच्या हातावर हात मारला. गंगासागर चुलीपाशी उभी राहून बघत होती. सौदा करताना नवऱ्याचा चेहरा कसा असतो हे तिला ठाऊक होतं, आणि हा चेहरा तिला बिलकूल आवडला नाही.

तपासणी सोमवारी होती. शनिवारी सकाळी पूजेनंतर अप्पांनी पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही.

"कावून न्हाई पिलाव?" तिनं विचारलं.

"उपास हाय."

"आज कुठला उपास?"

अप्पा घाईनं मोरीकडे गेले. दुपारपर्यंत सहा वेळा गेले. रविवारी ओठ कोरडे पडले, बोलताना जीभ टाळूला चिकटू लागली, आणि तरी तांब्या भरलेलाच. गंगासागरनं कपाटाचा खण उघडला. तिला पाकिटावरची अवघड इंग्रजी नावं उलगडत नव्हती, पण कुठली गोळी कशाची ते आकारावरून पाठ होतं. मधोमध रेघ असलेली छोटी पांढरी, ती पाण्याची. लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी. रोज अर्धी. शुक्रवारी दहा गोळ्यांचं कोरं पाकीट होतं. आता त्यात सहा उरल्या होत्या.

ती पाकीट हातात धरून खाली बसली. तिला सगळं एका क्षणात कळलं. आयुष्यभर लोकांची वाळवलेली पाटी पकडणारा हा माणूस सोमवारच्या नमुन्यासाठी स्वतःलाच वाळवत होता.

तिनं त्यांना तेव्हाच थांबवायला हवं होतं. हे तिला तेव्हाही कळत होतं, हीच तर वाईट गोष्ट. पण कळणं निराळं आणि पोटात काय चाललंय ते निराळं. युसूफ वडगावच्या शाळेत सातवीला ती पहिली आली होती. त्याच साली तिच्या वडलांनी अंथरूण धरलं आणि घरात थोरली म्हणून तिला त्यांच्या उशाशी बसवलं. चार वर्षं. वडील गेले तेव्हा तिच्या वयाच्या पोरी बारावीला होत्या आणि ती लग्नाला. वडलांची सेवा केली याचं तिला कधी दुःख वाटलं नाही. पण आठवीच्या पुस्तकाला घातलेलं खाकी कव्हर मात्र अजून आठवायचं. शिवानीला उशाशी बसवायचं नाही, एवढं एकच तिनं देवाकडे मागितलं होतं.

रविवारी संध्याकाळी शिवानी आठवड्याची डबी भरायची. चार गोळ्या कमी दिसल्या असत्या तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. गंगासागरनं पदर खोचला, ते पाकीट कमरेला लावलं, मेडिकलमध्ये जाऊन तसलंच दुसरं आणलं आणि खणात ठेवून दिलं. तिनं जन्मात एवढं मोठं खोटं केलं नव्हतं.

सोमवारी सकाळी लॅबची योगिता रक्त घ्यायला घरी आली. या पोरीला अप्पांची शीर पाठ होती. बोलत बोलत सुई घालायची आणि अप्पांना कळायचंही नाही. त्या दिवशी तिनं दंडाला पट्टा बांधला, चापट्या मारल्या, दुसरा हात घेतला.

"अप्पा, शीर कुठं गेली तुमची? पाणी पिलाव का न्हाई?"

"पिलो की."

योगितानं गंगासागरकडे पाहिलं. गंगासागर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. तिसऱ्या टोचणीला रक्त आलं, तेही हळूहळू, दाट.

संध्याकाळी शिवानीच्या मोबाईलवर रिपोर्ट आला. तिनं तो उघडला आणि किंचाळलीच. "नऊशे साठ! अप्पा, नऊशे साठ!" तिनं बापाला मिठी मारली, आईला मारली, पुन्हा बापाला मारली. त्या रिपोर्टात खाली आणखी दोन ओळी ठळक अक्षरांत होत्या, बाजूला बाणही होते. पण घरात तीन माणसं होती आणि तिघांनाही एकच ओळ बघायची होती. शिवानी एवढी शिकलेली, तीही फसली. अप्पांनी दुकानांच्या सबंध रांगेला पेढे वाटले. डॉक्टरांनाही पेढे न्यायचे म्हणाले, पण उभं राहताना त्यांनी दाराची चौकट धरली, ते फक्त गंगासागरनं पाहिलं. शिवानी बॅग भरायला लागली होती. जायला पंधरा दिवस होते, तरीही.

दोन दिवस काहीतरी सबब सांगून चुकवलेल्या काट्यावर अप्पा मंगळवारी उभे राहिले. बिभीषण ओरडला, "अप्पा, अठ्ठावन्न किलो..." आणि पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. अप्पा पुढं कलंडले. पोतं पाठीवर झेलायची सवय असलेला गडी, म्हणून त्यानं डोकं फरशीवर आपटण्याआधी त्यांना दोन्ही हातांत धरलं. "सरक बे!" असं एका हमालाला ढकलत तो रस्त्यावर धावला. रिक्षात गंगासागरनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिला रडू येत नव्हतं. ती नुसती म्हणत होती, "माझं चुकलं, माझं चुकलं," आणि शिवानीला वाटत होतं, आई घाबरून काहीही बोलतेय.

मोहिनी डॉक्टरांनी रक्तदाब बघितला. वरचा ऐंशी. नाडी बघितली, जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली. मग म्हणाल्या, "कालचा रिपोर्ट दाखवा." शिवानीनं फोन पुढं केला. डॉक्टरांनी वरची ओळ वाचली, खाली आल्या आणि थांबल्या.

"हे कुणी वाचलं नाही का? मूत्रपिंडाचा आकडा दुप्पट झालाय. हे कोरडे ठणठणीत पडलेत. अप्पा, पाण्याच्या गोळ्या किती घेतल्यात?"

अप्पा छताकडे बघू लागले.

"चार," गंगासागर म्हणाली. "दोन दिवसांत चार. आन् पाणी जवळजवळ न्हाईच."

शिवानीनं मान वळवली. "तुला काय माहीत? पाकीट तर भरलेलं होतं."

"ते मी आणून ठिवलतं."

दारात उभ्या असलेल्या बिभीषणला राहवेना. "अप्पा, आख्खी जिंदगी लोकायच्या पोत्यात कोपरापोत्तर हात घातलाव, आन् आज सोता वरचा थर वाळवून आणलाव व्हय?"

पडल्या पडल्या अप्पांना हसू आलं. मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी वाहू लागलं, अंगात होतं नव्हतं तेवढं.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, तेही जपून, थेंबाथेंबानं. कारण कोरडेपणा घालवताना जास्त झालं तर तेच पाणी हृदयावर चढणार. दोन दिवस ठेवून घेतलं. घरी सोडताना त्या चिडल्या, आणि त्यांचं चिडणं बरोबरच होतं. "मला हा आकडा कशाला लागतो? तुमचं औषध ठरवायला. खोटा आकडा दिलात तर मी खोटं औषध देणार. आठवड्यानं पुन्हा तपासू. नेहमीसारखं खायचं, ठरलेलं पाणी प्यायचं, ठरलेली गोळी घ्यायची."

आठवड्यानं खरा आकडा आला. अठराशे सत्तर. ऑगस्टात होता, जवळजवळ तिथंच.

अप्पा डॉक्टरांसमोर नीट बसले. "डॉक्टरसाहेब, मला आता पोत्याच्या तळातलं सांगा. ह्याचा अर्थ काय? किती दिवस?"

मोहिनी डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "ज्यांचा आकडा हजाराच्या आत राहतो, त्यांची वर्षं बरी जातात. तुमच्यासारखा वर अडून राहिला, तर पुन्हा दवाखान्यात यायची वेळ लवकर येते, आणि काहींना वर्षं कमी मिळतात. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण हा आकडा शंभर माणसांचं काय होतं ते सांगतो. त्या शंभरांत गुरुपादअप्पा कितवे, ते त्याला माहीत नाही. मलाही नाही. औषध वाढवून बघू. दोन वर्षंही जातील, दहाही जातील."

घरी आल्यावर शिवानीनं बॅग उघडली आणि एकेक कपडा परत कपाटात ठेवू लागली. ती आदळआपट करत नव्हती, शांतपणे घड्या घालत होती, आणि ते बघणं जास्त अवघड होतं. अप्पा दाराशी येऊन उभे राहिले. गंगासागर त्यांच्या मागे.

"जा गं पोरी," अप्पा म्हणाले.

"आकडा अठराशे सत्तर आहे, अप्पा."

"म्हून तर जा म्हणायलोय. ह्यो आकडा उतरायची वाट बघत बसलीस, तर माझ्या जाण्याची वाट बघितल्यासारखं व्हईल. मग तू शिकशील कवा? आन् मी तुला रोज घरात बघणार आन् रोज वाटणार, ही माझ्यापायी बसलीय. त्या दुखण्यावर डॉक्टरकडं गोळी न्हाई."

शिवानी खाली बसली. आत्ता कुठं तिला रडू फुटलं. "मला आकड्याचं काही वाटत नाही अप्पा. वाढला तर वाढला, औषध आहे. पण तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलंत. मी तिकडं हजार किलोमीटरवर बसणार. फोनवर तुम्ही म्हणणार, मी बरा हाय. आई म्हणणार, सगळं ठीक. कशावर विश्वास ठेवू मी? रोज मला वाटणार, काहीतरी लपवतायत. मी तिथं शिकणार कशी?"

लेकीला मोकळं करायला गेलो आणि तिच्या पायात आपणच दोरी बांधली, हे त्या क्षणी दोघांनाही एकदमच कळलं. अप्पा तिच्यासमोर जमिनीवर बसले. गळ्यातलं लिंग कापडातून काढून त्यांनी तळहातावर घेतलं. ज्या माणसानं साठ वर्षांत त्याची शपथ एकदाही घेतली नव्हती, तो म्हणाला, "हे हातावर घिऊन सांगतो. जो आकडा येईल तो येईल त्या दिवशी तुला सांगीन. चांगला असू दे, वाईट असू दे. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई."

गंगासागर पुढं आली आणि तिनंही त्यांच्या हाताखाली आपला हात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवानीनं गोळ्यांची डबी रिकामी केली, सगळी पाकिटं आईपुढं पसरली आणि म्हणाली, "भर." गंगासागरनं भरली. सातही खण, सकाळ, दुपार, संध्याकाळ. शिवानीनं प्रत्येक खण तपासला. एकही चूक नव्हती. नऊ महिने आईला काही जमणार नाही असं आपण धरून चाललो, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि गंगासागरला ते बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोला. दुपारी कपडे पुन्हा बॅगेत गेले. तीन दिवसांनी शिवानी सोलापूरच्या एसटीत बसली; पुढं रेल्वे. अप्पा स्टँडवर हसत होते. बस वळणाआड गेली तेव्हा त्यांनी बायकोचा हात धरला, भर स्टँडवर, आणि तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

फेब्रुवारीत पुन्हा तपासणी झाली. योगिताला शीर पहिल्या टोचणीत सापडली. अप्पांनी औषध चुकवलं नव्हतं, पाणी चुकवलं नव्हतं, मिठाला हात लावला नव्हता. आडतीवर अर्धाच दिवस बसत होते. तरी पंधरा दिवसांपासून जिना चढताना मध्येच थांबावं लागत होतं. संध्याकाळी रिपोर्ट आला. आता तो अप्पांच्या फोनवर यायचा. त्यांनी चष्मा लावून वाचला, वरपासून खालपर्यंत, एकेक ओळ. मग गंगासागरला दाखवला. इंग्रजी नावं उलगडली नाहीत तरी आकडे तिला वाचता येत. दोन हजार सहाशे चाळीस.

ती त्यांच्याशेजारी बसली. शिवानीची परीक्षा परवापासून होती. काल फोनवर ती किती घाबरलेली होती ते दोघांनीही ऐकलं होतं.

"चार दिवस थांबा," गंगासागर हळूच म्हणाली. "परीक्षा होऊ द्या. खोटं बोला म्हणत न्हाई मी. नुसतं चार दिवस थांबा. ती आकडा ऐकंल आन् बॅग उचलून येईल. सगळं सोडून येईल बगा ती."

अप्पांनी फोनकडे पाहिलं. त्यांना तेच वाटत होतं, हे तिला दिसत होतं. पोरगी गाडीत बसेल, परीक्षा बुडेल, परत जायची नाही. ज्याच्यासाठी एवढं केलं ते सगळं या एका आकड्यानं जाईल. मग त्यांनी फोन लावला.

"शिवानी. अप्पा बोलायलोय. आकडा आलाय. सव्वीसशे चाळीस. वाढलाय. जिन्यात दम लागायलाय, पंधरा दिवस झाले. उद्या सकाळी डॉक्टरकडं जातोत."

गंगासागरनं डोळे मिटून घेतले. मग शिवानी बोलू लागली. तिनं वजन विचारलं, अप्पांनी सांगितलं. पायावर सूज विचारली. उशा किती लागतात झोपताना, ते विचारलं. अप्पा शाळेतल्या पोरासारखं एकेक उत्तर देत गेले. मग ती काहीतरी बराच वेळ बोलली. अप्पा नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहिले आणि त्यांनी फोन खाली ठेवला.

"काय म्हणली?" गंगासागरनं विचारलं. "कवा निघायलीय?"

अप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं डोळे पुसले. दुसऱ्यांच्या घरी लेक यायची म्हटल्यावर जसा आनंद होतो, तसा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

"न्हाई येत म्हणली," ते म्हणाले. "अप्पा, तुमी खरं सांगितलंव, म्हून मी पेपर दिऊ शकते म्हणली. गंगा, न्हाई येत म्हणली ती."